पणजोबांचं नाव सापडत नसेल तर आधी त्यांचा मौजा शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. पणजोबा उमरेडकडून नागपूरले आले, मिलमध्ये लागले, एवढंच घरात माहीत आहे, फोटो नाही, शेती नाही, आणि तुम्ही लिहिलंय की ते काही मोठे माणूस नव्हते मग त्यांची नोंद कोण ठेवणार. मी हेच काम अकरा वर्षांपासून करून राहिलोय, आधी आईच्या आजोबांसाठी केलं, मग नात्यातल्या बऱ्याच लोकांसाठी, म्हणून खात्रीनं सांगतो, नोंद असते. साधा माणूस मोठ्या कागदांत भेटत नाही, पण मूल झालं, मूल गेलं, पोरगं शाळेत घातलं, घराची जागा घेतली, कोर्टात साक्ष दिली, असं काही झालं की कुठल्यातरी कारकुनानं एक ओळ लिहिलेली असते. फक्त ती ओळ माणसाच्या नावानं लावून ठेवलेली नसते, गावाच्या आणि सालाच्या नावानं लावलेली असते. त्यामुळे नुसतं नाव घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेलात तर रिकाम्या हातानं परत याल, मौजा, म्हणजे महसुली कागदातलं गावाचं नाव, आणि अंदाजे साल घेऊन गेलात तर बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचा बांधलेला गठ्ठा, टेबलावर येतो.

"उमरेडकडचे" हे पुरेसं नाही. एकाच नावाची दोन-तीन गावं जिल्ह्यात असतात, म्हणून मौजा, तहसील आणि जमलं तर पटवारी हलका, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांचा गट, त्याचा नंबर लागतो. हे कागदातून नाही, घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून कळते. आत्या, चुलत आजी, कोणी असेल तर आजच फोन करा आणि सरळ गाव विचारू नका, तेरवीला कोण कुठून यायचं, आजोबा लहानपणी दिवाळीत कुठं जायचे, पणजीचं माहेर कोणतं, असं विचारा. माझ्या मावशीला गावाचं नाव आठवत नव्हतं पण "नदी ओलांडून बैलबंडीनं जायचं, आणि तिथला मिरच्यांचा खाट नाकाला लागायचा" हे आठवत होतं, त्यावरून आम्ही भिवापूरच्या बाजूला पोचलो.

आणि हो, भाऊबंदकीत कोणाची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झालीय का ते विचारा. नागपुरात अर्ध्या घरांचा वंशशोध त्याच फाईलमध्ये झालेला असतो, कारण एससीसाठी १९५०, व्हीजे-एनटी, म्हणजे विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, म्हणजे कोणीतरी काका आधीच तहसीलच्या खेट्या घालून जुन्या नकला काढून बसलेला असतो. ती वंशावळ आणि त्या नकला झेरॉक्स करून घ्या, निम्मं काम तिथंच होते.

आता नावाचं. आडनाव शोधू नका. आपल्या सीपीतल्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्यप्रांताच्या जुन्या कागदात माणूस "अमुक वल्द तमुक, जात अमकी, साकिन अमुक मौजा" असा असतो, वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बायको असेल तर "जौजे", विधवा असेल तर "बेवा". आडनाव बऱ्याच घरांत शाळेत नाव घालताना पक्कं झालं, कोणाचं गावावरून, कोणाचं धंद्यावरून, आणि दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी पडलेली मी स्वतः पाह्यली आहेत. नावाचंही तसंच, विठोबाचा इठोबा, इठू, इठ्या, विठ्ठल, एकाच माणसाची चार रूपं चार रजिस्टरात. त्यामुळे बापाचं नाव, जात, मौजा हे तीन जुळले पाहिजेत, स्पेलिंगवर जाऊ नका.

पहिला कागद म्हणजे तुमच्या आजोबांचं दाखल-खारीज, शाळेत नाव घातल्या-काढल्याचं रजिस्टर. शाळेचं नाव कळलं की मुख्याध्यापकांना अर्ज करून त्या सालच्या रजिस्टरचा उतारा मागा. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, पालकाचा धंदा, आधीची शाळा असते. जन्मतारीख १ जुलै दिसली तर ती गुरुजींनी अंदाजानं टाकलेली समजा. पण पालकाच्या धंद्यात "मिल मजूर" आणि पत्त्यात पाचपावली, तांडापेठ असं काही भेटलं, तर पणजोबा त्या साली त्या वस्तीत राहत होते हे कागदोपत्री सिद्ध झालं.

दुसरा कागद कोतवाल बुक, माझ्या मते याच्याएवढं सोनं दुसरं नाही. आपल्या इकडे गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्याला द्यायचा आणि ते लिहून ठेवलं जायचं, आता त्या नकला तहसीलच्या रेकॉर्डमधून निघतात. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतेच, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी", बापाचं नाव आणि जात, म्हणून तुम्ही पणजोबांचं नाव बाप म्हणून शोधा, मुलांची नावं शोधत बसू नका. मृत्यूच्या पानांवर कारण असते, ताप, हैजा म्हणजे कॉलरा, देवी, प्लेग. १९१८ चं ऑक्टोबरचं पान उघडलं तेव्हा मला माहीत होतं की इन्फ्लुएंझाची साथ मध्यप्रांतात फार वाईट होती, पण एका छोट्या मौज्याची ओळीखाली ओळ "ताप, ताप, ताप" अशी दोन पानं भरलेली पाहणं वेगळंच होतं, आणि त्यात माझ्या आईच्या आजोबांचं नाव आठ दिवसांत दोनदा होतं, दोन्ही वेळा मेलेल्या मुलाचा बाप म्हणून. घरात कोणाला माहीत नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली आजोबा ऑक्टोबरात कधी गोड खायचे नाही, आम्हाला वाटायचं त्यांना आवडत नाही.

पुढच्या दोन वर्षांत गावात त्यांचं काहीच नाही, आणि मग ते नागपुरात दिसतात. तुमच्याही घरात "गाव का सोडलं" याचं उत्तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग किंवा १९१८ यांच्या आसपास असू शकते, ती सालं आधी पाहा.

शेती नव्हती म्हणून बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याचे, कागद सोडू नका. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराची मालकी, १९५१ मध्ये गेली, त्याआधीच्या अधिकार अभिलेखात मालगुजाराबरोबर मालिक मकबुजा (आपल्या तुकड्याचा मालक), मौरूसी काश्तकार (वारसा हक्काचं कूळ) अशी छोटी माणसंही नावानिशी आहेत, स्वतःची जमीन नसली तरी भाऊ किंवा चुलता भेटू शकतो. नागपुरातल्या घरासाठी नगर भूमापनमधून आखिव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा, नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जागा असेल तर तेही विचारा, आणि खरेदी झाली असेल तर रजिस्ट्री ऑफिसच्या इंडेक्समध्ये घेणारा-देणारा नावानं असतो. एका कार्यालयात मला हवा तो बस्ता वाळवीनं खाल्लेला निघाला, दोन दिवस जेवण गेलं नाही, पण तीच माणसं मला नंतर रजिस्ट्रीच्या इंडेक्समध्ये भेटली, म्हणून एक दार बंद झालं म्हणून थांबू नका.

मिलबद्दल, नागपुरातली कोणती कापड गिरणी, एम्प्रेस होती का मॉडेल, हे आधी नक्की करा. एम्प्रेस १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, मॉडेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणून पणजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कामाला होते असं असेल तर एम्प्रेसची शक्यता जास्त. एम्प्रेसमध्ये प्रॉव्हिडंट फंड १९०१ पासून होता, त्यामुळे घरातल्या लोखंडी पेटीत, देवघराच्या मागे, पत्र्याच्या डब्यात फंडाचा किंवा ग्रॅच्युइटीचा एखादा कागद असू शकतो, त्यावर खाते किंवा तिकीट नंबर असतो, तो नंबर फार महत्त्वाचा.

एक गैरसमज काढून टाका, जनगणनेत नाव भेटेल असं लोक सांगतात, पण आपल्याकडे जुन्या जनगणनेतून घराघरातली नावं भेटत नाहीत, फक्त आकडे. आणि वर्धा १८६२ पर्यंत नागपूर जिल्ह्यातच होतं, म्हणून फार जुनं शोधताना आताच्या सीमा धरू नका.

आत्याकडून मौज्याचं नाव कळलं की मला कळवा. कोतवाल बुकच्या नकलेचा अर्ज कसा लिहायचा ते मी लिहून देतो, आणि पेटीत मोडीतला कागद निघाला तर फोटो पाठवा, वाचून देईन.