वाचकांचे प्रश्न : पहिले पेसमेकर इतक्या लवकर का बंद पडत?

प्रश्न : सुरुवातीचे पेसमेकर वर्ष-दोन वर्षांत बदलावे लागत, असं वाचलं. बॅटरी संपायची, एवढंच कारण होतं का?

उत्तर : नाही. बॅटरी संपण्याआधीच पुष्कळदा यंत्रातून हृदयापर्यंत झटका नेणारी तार तुटायची. मिनिटाला ७० ठोके म्हणजे दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा ती वाकणार. अशा वाकण्याने धातू थकतो. अमेरिकेत बफेलो इथे विल्यम चार्डॅक यांनी प्लॅटिनम-इरिडियमची तार स्प्रिंगसारखी वेटोळी केली. वाक सगळ्या वेटोळ्यांत वाटला गेला आणि तारेचं आयुष्य वाढलं. त्या काळातली ही सर्वांत मोलाची सुधारणा, असं आम्हाला वाटतं.

तार शाबूत असली तरी तिच्या टोकाभोवती व्रणाची घट्ट ऊती वाढते. मग आधी पुरणारा विद्युतझटका अपुरा पडतो. यंत्र चालू असतं, ठोका मात्र पडत नाही.

बॅटरीची अडचण वेगळीच होती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी रुग्णाच्या शरीरात बसवलेलं, रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेलं यंत्र निकेल-कॅडमियम सेलवर चाले. ते शरीराबाहेरून चार्ज करावं लागे. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या राळेत, ओतलेलं हे यंत्र काही तासच टिकलं. १९६० मध्ये चार्डॅक आणि विल्सन ग्रेटबॅच यांनी पाऱ्याचे १० सेल वापरले. चार्जिंगची कटकट संपली, पण हे सेल हायड्रोजन सोडतात, त्यामुळे यंत्र हवाबंद करता येईना. इपॉक्सीतून वायू बाहेर जाई, तशीच शरीरातली ओल आत झिरपे आणि सर्किट बिघडे. १९७२ पासून लिथियम-आयोडीन सेल आले. ते वायू सोडत नाहीत, म्हणून धातूची डबी वेल्ड करून पक्की बंद करता आली.

प्रश्न : हृदयाचे स्वतःचे ठोके परत सुरू झाले तर?

उत्तर : तिथेच धोका होता. ही यंत्रं ठरलेल्या गतीने झटके देत राहत. हृदयाचा ठोका त्यांना कळत नसे. पूर्ण हार्ट ब्लॉक असलेल्याला, म्हणजे ठोक्याचा विद्युतसंदेश हृदयाच्या खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नाही अशा रुग्णाला, वारंवार शुद्ध हरपणाऱ्याला त्यांनी जीवदान दिलं. पण आधीच्या ठोक्यातून स्नायू सावरत असतानाच, म्हणजे ईसीजीवरच्या टी-लहरीवर, झटका पडला तर जवनिका (हृदयाचे खालचे कप्पे) नुसत्या थरथरू लागून रक्ताभिसरण थांबू शकतं. हृदयाचा ठोका ओळखून गप्प राहणारे, गरजेपुरते पेसमेकर १९६०च्या दशकाच्या मध्यावर आले. त्यांची दिशा बरूह बर्कोविट्स यांनी दाखवली.

तोवर खरी राखण नाडी मोजण्यानेच व्हायची. नेमलेल्या गतीत बदल दिसला तर बॅटरी किंवा सर्किट बिघडतंय, असा संशय घ्यायचा. गती एकाएकी भलतीच वाढली, तर यंत्राचा हृदयाशी असलेला जोड ताबडतोब तोडावा लागे.