डेन्मार्कला लेकीकडे चाललोय. घराजवळच्या छोट्या बागेत एकट्यानं जाऊन बसलं तर चालतं का?

नमस्कार. चालतं, अगदी निःशंक जा. तुम्ही लिहिलंय की लेक आणि जावई दिवसभर कामावर असतात, ओडेन्समध्ये घरापासून पाच मिनिटांवर एक लहानशी बाग आहे, भाषा येत नाही आणि जून-जुलै असे दोन महिने काढायचे आहेत. मी ओडेन्सलाच मुलाकडे दोन उन्हाळे राहून आले. तिथले माझे दिवस चांगले गेले ते त्याच्या घरामागच्या अशाच एका बागेमुळे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बाग म्हटलं की कुंपण, फाटक, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, ‘हिरवळीवर बसू नये’ची पाटी आणि बाहेर भेळेची गाडी. तिथल्या या गल्लीतल्या बागांना बहुतेक वेळा फाटकच नसतं. चार इमारतींच्या मधे हिरवळ, बीचची आणि चेस्टनटची थोराड झाडं, वाळूचा चौकोन, दोन झोके, तीन-चार बाकं, संपलं. हिरवळीवर बसा, आडवे व्हा, कोणी काही म्हणणार नाही. एका कोपऱ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं दिसेल. ते दुर्लक्षामुळे नाही, मधमाश्या-फुलपाखरांसाठी मुद्दाम न कापता राखलेलं असतं.

आता खरी गोष्ट. पहिले आठ दिवस तुमच्याशी कोणी बोलणार नाही. माझ्याशी कोणी बोललं नाही. बाकावर मी एका टोकाला बसले की येणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसायचा, नाहीतर पुढच्या बाकावर जायचा. आपण सांगलीची माणसं, एसटीत शेजारी बसलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत ‘कुठल्या गावचं?’ विचारणारी. मला ते फार लागलं. साडी बघून टाळतात की काय असंही मनात आलं. तसं काही नव्हतं. समोरच्याच्या निवांतपणात आपण घुसू नये ही त्यांची रीत आहे, ते एकमेकांशीही असंच वागतात. उपाय एकच: रोज जा आणि ठरावीक वेळेला जा. मी सकाळी दहाला जायचे. नवव्या-दहाव्या दिवशी कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी लांबून मान हलवली. पुढच्या आठवड्यात ‘हाय’ आलं. डॅनिश भाषेत नमस्काराला ‘हाय’च म्हणतात आणि निघताना तेच दोनदा. एवढा एक शब्द तुम्हाला पुरेल. बाकी बहुतेकांना इंग्रजी छान येतं, पण सुरुवात तुम्ही रोज दिसण्यानंच होते.

एक दृश्य बघून तुम्ही दचकाल म्हणून आधीच सांगते. बागेच्या कडेला बाबागाडी उभी असते, आत बाळ गाढ झोपलेलं आणि जवळ कोणी नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छातीत धस्स झालं. जवळ जाऊन वाकून पाहिलं. जाड दुलई हनुवटीपर्यंत ओढलेली, गाल थंडीनं लालबुंद, छोटीशी मूठ कानाशी, आणि दुलईच्या कडेला पांढरं यंत्र, त्यावर हिरवा दिवा. बाळ रडलं की आईला घरात आवाज जातो. इतक्यात समोरच्या तळमजल्याच्या खिडकीतून एक मुलगी हात हलवून हसली. तिथं बाळांना दिवसाची झोप बाहेरच्या हवेत देतात, अगदी हिवाळ्यातसुद्धा. पाळणाघरांच्या अंगणात तर अशा गाड्यांची रांगच लागलेली असते. तेव्हा बाळ कुरकुरलं तरी झुलवायला जाऊ नका. मला त्या वेळी हात आवरणं किती जड गेलं ते आठवतंय. परक्या मुलाला उचलायचं नाही, खाऊ द्यायचा नाही आणि फोटो तर अजिबात काढायचा नाही, आपला नातू शेजारी खेळत असला तरीही.

नातवंडं असतील तर त्यांचं खेळणंही आपल्या जिवाला घोर लावणारं. माझा पाच वर्षांचा नातू ओंडक्यावरून दोराला लोंबकळत माझ्या डोक्याच्या वर गेला, तेव्हा मी ‘अरे पडशील!’ म्हणून ओरडले. बाकी सगळे पालक शांत बसलेले. नंतर मुलानं सांगितलं की यामागे जुना विचार आहे. कार्ल थेओडोर सॉरेन्सन नावाच्या डॅनिश उद्यान-रचनाकारानं पाहिलं की मुलांना तयार मैदानापेक्षा बांधकामाच्या जागी, भंगारात खेळायला जास्त आवडतं. त्यातून 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात फळ्या, विटा, खोकी देऊन मुलांना स्वतः बांधू देणारं मैदान सुरू झालं. मुलांना थोडा धोका स्वतः तोलू द्यावा, हा विचार तिथून जगभर गेला. हे कळल्यावर मी ओरडायचं थांबवलं. काळजी गेली नाही, पण पोरगं आठवड्याभरात किती सफाईनं उतरायला लागलं तेही दिसलं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गाड्या उजव्या बाजूनं चालतात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. सायकलींची वाट वेगळी असते, तिच्यावर चालू नका, सायकली जोरात येतात. छोट्या बागेत स्वच्छतागृह नसतं असंच धरून चाला. घरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून न्या, ते पिण्याचंच आहे. रिकाम्या बाटलीला आणि डब्याला तिथं ‘पँट’ म्हणजे अनामत असते, प्रकार आणि आकारानुसार 1, दीड किंवा 3 क्रोन (तिथलं चलन). दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. तुम्हाला नको असेल तर बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या बाजूला ठेवा. ती गोळा करणारी माणसं येतात, त्यांना पेटीत हात घालावा लागत नाही. संध्याकाळी तरुण मुलं हिरवळीवर बिअर घेऊन बसतील. तिथं ते नेहमीचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

कपड्यांचं मात्र मनावर घ्या. जुलैतही वारा सुटला की स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो. माझ्या पिशवीत वाऱ्याचं जाकीट आणि बाक ओलं असेल तर टाकायला प्लास्टिकचा एक तुकडा कायम असायचा. जूनच्या अखेरीस रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा. त्या वेळी छपराच्या टोकावर बसून एक काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी गातो. आपल्या कस्तूर पक्ष्याच्या कुळातला. त्याचा तो आवाज ऐकायला मी रोज थांबायचे.

गल्लीतली बाग ओळखीची झाली की एखाद्या दिवशी शहराच्या मधल्या ‘मुंके मोसे’त जा. नावाचा अर्थ भिक्षूंची दलदल. पूर्वी ती जमीन मठाकडे होती. नदीकाठची ही बाग मोठी आहे आणि तिथून 1882 पासून प्रवासी होड्या सुटतात. जवळच परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन लहानपणी राहिला ते छोटंसं घर आहे. त्याची आई याच नदीवर लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. त्या थंड पाण्यात हात घालून पाहिला तेव्हा मला आमच्या घाटावरच्या बायका आठवल्या.

पण माझा जीव आमच्या गल्लीतल्या बागेतच. जूनमध्ये तिथल्या एका झुडपावर पांढऱ्या बारीक फुलांचे तळहाताएवढे तुरे येतात. इंग्रजीत एल्डर, तिथं ‘ह्युल्ड’. एक दिवस माझ्याच वयाची एक बाई कात्री आणि टोपली घेऊन ते तुरे कापत होती. मी बघत राहिले तर तिनं एक तुरा माझ्या नाकाशी धरला. मधासारखा, थोडा लिंबाकडे झुकणारा वास. मग तिनं खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: फुलं धुवायची नाहीत, नाहीतर पराग जातो आणि वास त्यातच असतो, नुसत्या हलवून किडे झटकायचे, पानं नि जाड देठ घ्यायचे नाहीत, ते पोटाला वाईट. त्या संध्याकाळी तीस तुरे, दीड लिटर पाण्यात किलोभर साखरेचा पाक, चार लिंबांच्या चकत्या आणि थोडं लिंबूसत्त्व असं झाकून ठेवलं. चौथ्या दिवशी गाळलं. कोकम सरबतासारखंच पाणी घालून प्यायचं. मी एक बाटली तिच्यासाठी बागेत नेली. तिनं तिथंच झाकण उघडून वास घेतला आणि बाकावर माझ्या अगदी शेजारी येऊन बसली.

तुम्ही जूनमध्ये पोचताय म्हणजे फुलं सापडतील. झुडूप ओळखणारं कोणी सोबत असल्याशिवाय तोडू नका. आणि बॅगेत पंचाचं एक जुनं, मऊ, स्वच्छ धुतलेलं फडकं टाका. सरबत गाळायला तसं फडकं मला तिथं कुठे मिळालं नव्हतं.