"औषध झाडातनंच निघतं ना, मग केमो कशाला?"

तो समोर बसला तेव्हा त्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तो दिवाणजी. आईला स्तनाचा कर्करोग, केमो चालू. पिशवीत हळद-मिऱ्याच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली आणि पाटणकडच्या कुणीतरी 'नरक्याची साल' म्हणून दिलेली पुडी होती. कॅप्सूल तीन आठवडे चालू होत्या, पुडी अजून उघडली नव्हती.

"आईच्या पायाला मुंग्या येत्यात मॅडम. हातातनं कप निसटतो. केस तर गेलेच. एवढं विष कशापायी टोचायचं? औषध झाडपाल्यातनंच निघतं ना? मग सरळ झाडपालाच देऊ की."

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात, डॉक्टरांच्या कानावर जाऊ नये अशा बेतानं. तो अडाणीपणा म्हणून मी कधीच झटकत नाही. कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

मी त्याला फाइल उघडायला सांगितली. आईला दर आठवड्याला सलाईनमधून पॅक्लिटॅक्सेल जात होतं. हे औषध निघालं ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा शास्त्रज्ञांनी १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे.

तो फाइलकडे बघतच राहिला. "म्हणजे आईला झाडाचंच औषध चाललंय?"

होय. दारातल्या सदाफुलीतूनही व्हिन्क्रिस्टिन मिळतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. पण म्हणून कुणी सदाफुलीची पानं चावून खायची नाहीत, कारण पानात किती औषध आणि किती विष आहे, हे पान सांगत नाही. पॅक्लिटॅक्सेलची रचना कळली १९७१ साली आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९९२ साली. मधली एकवीस वर्षं पुरेसं औषध मिळवण्यात, पाण्यात न विरघळणारं ते औषध शिरेतून देता येईल असं करण्यात आणि एका शोधात गेली: कर्करोगाची पेशी मरेल आणि माणूस तगेल, असं माप कोणतं? हे औषध पेशीच्या आतल्या बारीक तंतूंना जखडून टाकतं, त्यामुळे पेशीला दुभंगून वाढता येत नाही. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढणाऱ्या, त्या सापडतात. नसांनाही तेच तंतू लागतात, म्हणून मुंग्या.

मग पुडीचा विषय काढला. नरक्या हे आपल्या सह्याद्रीतलं झाड, त्यासाठी जंगलात चोरून तोड होते हे त्याला माहीत होतं. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि ते खरोखर कर्करोगाच्या पेशी मारतं. तेही वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. पण सत्तरच्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा जुलाब, मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशी घटणं असे त्रास इतके झाले, की चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याची रचना बदलून औषधं बनवली, त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. शास्त्रज्ञांना मोजूनमापूनही जे झेपलं नाही, ते आपण चमचाभर पुडीतून कसं द्यायचं?

हळदीवर बोलणं मात्र अवघड होतं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, हळद साठवणाऱ्या घरातला तो. हळद वाईट, असं मी म्हटलं नाही, कारण ते खरंही नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतल्या कर्क्युमिननं कर्करोगाच्या पेशी मरतात. पण बशीतल्या पेशी साबणानंही मरतात. पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात फारच थोडं पोचतं, म्हणूनच कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. आणि खरी काळजी त्या अर्काची. मिऱ्यातलं पायपरीन यकृताचं औषधं मोडण्याचं काम मंदावतं. पॅक्लिटॅक्सेलही यकृतातच मोडतं. बाहेर पडायचं औषध अंगात रेंगाळलं, तर मोजून दिलेल्या मापाला अर्थ काय राहिला?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज्जा पेव उघडलं की आधी कंदील आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं न्हाई. मी कंदील न सोडताच आईला उतरवलं की."

मी त्याला रडू दिलं. त्यानं पिशवी आणली होती ती प्रेमापोटी, आणि हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघं पिशवी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वाढलेले. कशामुळे, हे खात्रीनं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कॅप्सूल बंद केल्या, केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि मुंग्यांसाठी मात्रा थोडी कमी केली. केमोच्या मात्रेत असा बदल करता येतो, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. मुंग्यांचं डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं ना!

त्याच्या हाताला काम हवं होतं. मी त्याला वही दिली. रोज आईचा ताप, जेवण, मुंग्या कुठवर चढल्या, सगळं लिहायचं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा, कारण केमोत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. आणि घरात कुणीही काहीही आणून दिलं, तर ते आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं.

पुढच्या खेपेला काकू स्वतः आल्या, डोक्याला रुमाल बांधून. बसता बसता त्यांनी विचारलं, "आमटीत हळद घातली तर चालंल न्हवं?"

"घाला की काकू, रोज घालता तेवढी."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि मुलाची वही माझ्यापुढे सरकवली. "बघा, रात्री दोनलाबी ताप बघितलाय त्यानं."