बीट करणाऱ्याने स्वतः गायचे की नाही?

मागील अंकातील हिप हॉप या अमेरिकी संगीतप्रकाराविषयीच्या लेखात आम्ही अमेरिकी कलाकार कान्ये वेस्ट याचा उल्लेख ‘आधी प्रोड्यूसर, नंतर गायक’ असा केला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : प्रोड्यूसर म्हणजे निर्माता, अर्थात पैसा घालणारा, असे मी आजवर समजत आलो. मग हिप हॉपमधला प्रोड्यूसर गाण्यात नेमके करतो काय? (एक वाचक, नाशिक)

‘निर्माता’ हा शब्द येथे खरोखरच दिशाभूल करतो. आपल्याकडे संगीतकार चाल बांधतो, संयोजक वाद्यमेळ रचतो आणि ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसून आवाजाचा तोल सांभाळतो. हिप हॉपमधला प्रोड्यूसर ही तिन्ही कामे बहुतेक वेळा एकटाच करतो. रॅप करणारा, म्हणजे ठेक्यावर लयीत शब्द म्हणणारा, शब्द घेऊन येतो, परंतु ते शब्द ज्या जमिनीवर उभे राहतात ती जमीन, म्हणजे ठेका, बास आणि जुन्या गाण्यातून उचललेला एखादा तुकडा, प्रोड्यूसरने आधीच तयार केलेली असते. या तयार जमिनीलाच बीट म्हणतात.

वेस्टच्या सुरुवातीच्या बीट्सची खूण चटकन ओळखू येते. सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारातील जुन्या गाण्यातल्या गायिकेचा किंवा गायकाचा आवाज तो वेगाने फिरवत असे. ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. लहानपणी आम्ही मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ वर लावत असू आणि भारदस्त गायकाचा आवाज एकदम लहान मुलासारखा पातळ होई. हिशेब केला तर या खोडीत मूळ षड्ज जवळजवळ शुद्ध मध्यमापर्यंत, किंबहुना किंचित वरच, जाऊन पोहोचतो. सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून पट्ट्यांवर वाजवणाऱ्या यंत्रावर, तुकडा घेऊन वरच्या पट्टीवर वाजवला की हेच घडते, कारण जुन्या पद्धतीत वेग आणि स्वर एकमेकांना बांधलेले असतात. वेस्ट एन्सॉनिक कंपनीचा एएसआर-१० हा सॅम्पलर वापरत असे. आवाज असा वर चढवल्यावर त्यात एक कासाविशी येते, जणू गाणारा माणूस दुरून हाक मारतो आहे. ही युक्ती त्याने शोधली नाही. वू-टँग क्लॅन या रॅप गटाचा रिझा ती आधीपासून वापरत होता. मात्र वेस्टने तिला अधिक उबदार केले, आणि त्यामुळे पुढची काही वर्षे अमेरिकी रेडिओवर तोच नाद घुमत राहिला.

प्रश्न : एवढे काम हाती असताना त्याला गायक होण्याची गरज का वाटली? आणि कंपन्या त्याला नकार देत होत्या हे खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

नकार देत होत्या हे खरे आहे, आणि त्या नकाराचे कारणही समजून घेण्यासारखे आहे.

वेस्टचा जन्म १९७७ साली अटलांटात झाला. आईवडील विभक्त झाल्यावर तो आईबरोबर शिकागोत वाढला. आई डोंडा वेस्ट या शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीत इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. शिकागोतीलच प्रोड्यूसर नो आय.डी. याच्याकडे त्याने कामाचे धडे घेतले. विसाव्या वर्षी कॉलेज सोडून तो पूर्णवेळ बीट्स करू लागला, आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या रॉक-अ-फेला या कंपनीच्या वर्तुळात शिरला. ११ सप्टेंबर २००१ रोजी रॅपर जे-झीचा ‘द ब्लूप्रिंट’ हा अल्बम आला, त्यातील अनेक महत्त्वाची गाणी वेस्टची होती. जॅक्सन फाइव्हच्या १९६९ सालच्या गाण्यावर बांधलेले ‘इझो’ हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले. पुढच्या दोन वर्षांत त्याने टालिब क्वेली, लुडाक्रिस आणि अलिशिया कीज यांच्यासाठी काम केले. म्हणजे ज्याच्या बीट्स सर्वांना हव्या होत्या असा हा माणूस होता, आणि नेमके तेच त्याला नडले. उत्तम बीट्स पुरवणारा हात कंपनीला त्याच जागी हवा होता. त्याने माईकसमोर उभे राहण्याची मागणी केली की लोकांना तो हट्ट वाटे.

दुसरी अडचण प्रतिमेची होती. त्या काळी रॅप गाणाऱ्याच्या आयुष्यात रस्त्यावरचा संघर्ष, टोळ्या, अमली पदार्थांचा धंदा यांची सावली असावी अशी बाजाराची अपेक्षा असे. प्राध्यापिकेचा मुलगा, अंगात गुलाबी पोलो शर्ट, खांद्यावर पाठपिशवी: हे चित्र त्या अपेक्षेत बसत नव्हते. आपल्याला याचे नवल वाटते, कारण सुधीर फडके यांनी चाली बांधल्या आणि स्वतः गायल्याही, तेव्हा ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. तेथे मात्र काचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस वेगळा मानला जात होता. एका मोठ्या कंपनीबरोबर त्याचा करार जवळजवळ ठरला आणि ऐनवेळी फिसकटला. अखेर २००२ साली रॉक-अ-फेलाने त्याला गायक म्हणून करारबद्ध केले, पण त्यामागे उत्साहापेक्षा त्याच्या बीट्स हातून जाऊ नयेत ही चिंता अधिक होती.

त्यानंतरचा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते गायक वेस्टचा जन्म तेथे झाला. २३ ऑक्टोबर २००२ च्या पहाटे लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओतून परतताना त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि जबडा तुटला. डॉक्टरांनी जबडा तारांनी बांधून बंद केला. सुमारे दोन आठवड्यांनी, तारा तशाच असताना, तो ध्वनिमुद्रणाला उभा राहिला. गाण्यासाठी त्याने चाका खानच्या १९८४ सालच्या ‘थ्रू द फायर’ या गाण्यातला तुकडा घेतला, तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने वर चढवला आणि गाण्याचे नाव ठेवले ‘थ्रू द वायर’. ‘आगीतून’च्या जागी ‘तारेतून’. ते गाणे ऐकताना शब्द दातांमागे अडकल्यासारखे, ओठांच्या फटीतून बाहेर पडल्यासारखे येतात; काही अक्षरे पुरती उमटतच नाहीत. त्या जड, कोंडलेल्या आवाजाच्या वर चाका खानचा पातळ, मोकळा स्वर तरंगत राहतो. एकाचे तोंड बंद आणि दुसरीचा गळा खुला, ही जोडणी केवळ गायकाला सुचली नसती. ती प्रोड्यूसरच्या कानाला सुचली. आपल्या आवाजातला दोष त्याने लपवला नाही. आपला आवाज हेही एक वाद्य आहे असे मानून तो मांडणीत योग्य जागी बसवला. गायक म्हणून वेस्टचा गळा असामान्य नाही आणि रॅपमधील सफाईतही त्याच्यापेक्षा सरस लोक तेव्हा पुष्कळ होते. त्याची ताकद ही होती की आपल्या गळ्याला काय शोभते हे त्याला इतर कोणाहीपेक्षा नेमके कळत होते.

पहिला अल्बम ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ प्रकाशनापूर्वीच बाहेर फुटला. दुसरा कोणी हताश झाला असता; याने प्रकाशनापर्यंतचा वेळ दुरुस्तीसाठी वापरला, तंतुवाद्ये आणि चर्चमधील समूहगायनाचे थर चढवले, ठेके पुन्हा घडवले. १० फेब्रुवारी २००४ रोजी अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ४,४१,००० प्रती खपल्या. तरीही बिलबोर्ड या मासिकाच्या खपाच्या यादीत तो दुसराच राहिला. पहिल्या क्रमांकावर पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिचा अल्बम होता. पुढील वर्षी ग्रॅमीची दहा नामांकने आणि तीन पुरस्कार त्याला मिळाले. त्यांतील एक पुरस्कार अलिशिया कीजच्या गाण्यासाठी सहलेखक म्हणून होता. म्हणजे काचेपलीकडचे काम त्याने सोडले नव्हते.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. २००५ च्या अल्बमसाठी त्याने चित्रपटसंगीत करणारा जॉन ब्रायन याला बरोबर घेऊन वाद्यवृंद आणला. ११ सप्टेंबर २००७ रोजी ५० सेंट या रॅपरबरोबर एकाच दिवशी अल्बम काढून तो विक्रीत पुढे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई वारली. पुढील वर्षीच्या ‘८०८s अँड हार्टब्रेक’ या अल्बमात त्याने रॅप बाजूला ठेवून ऑटो-ट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या संगणकीय साधनातून गाणे म्हटले आणि साथीला १९८० साली आलेले रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ठेकायंत्र घेतले. शोकाकुल गळा आणि कोरडे यंत्र यांची ती जोडणी नंतरच्या कितीतरी गायकांनी आपलीशी केली.

प्रश्न : दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेऊन आपले गाणे करणे ही सरळ चोरी नव्हे काय? (एक वाचक, सांगली)

विनापरवानगी घेतला आणि नाव दिले नाही, तर होय. अमेरिकेत १९९१ साली बिझ मार्की या रॅपरने विनापरवानगी तुकडा वापरल्याबद्दल त्याच्याविरुद्ध निकाल लागल्यापासून कंपन्या याबाबत दक्ष झाल्या. यात हक्क दोन असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा मूळ रचनेचा. वेस्टला ‘ऑल फॉल्स डाउन’साठी लॉरिन हिलचे ध्वनिमुद्रण हवे होते, ती परवानगी जमली नाही, तेव्हा त्याने तीच ओळ सिलीना जॉन्सन हिच्याकडून नव्याने गाऊन घेतली. असे केल्यावर रचनेची परवानगी तेवढी लागते.

हा प्रश्न आपल्या घरापर्यंतही आलेला आहे. २००२ साली डीजे क्विक याने, जो स्वतःही प्रोड्यूसर आणि रॅपर आहे, ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकर यांचा ‘ज्योती’ या १९८१ सालच्या चित्रपटातील स्वर वापरला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव कोठेही नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरींचे नाव दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश निघाला. लतादीदींचा स्वर त्या ठेक्यावर मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच तो न विचारता घेतला गेला याचे वाईट वाटते.

प्रश्न : अलीकडच्या त्याच्या वक्तव्यांमुळे अशा माणसाचे कौतुक छापावे का? (एक वाचक, डोंबिवली)

२०२२ साली त्याने ज्यूंविषयी वारंवार जी विधाने केली ती द्वेषाची होती, आणि कोणत्याही गाण्याने ती धुऊन निघत नाहीत. त्या ऑक्टोबरात आदिदासने त्याच्याबरोबरचे संबंध तोडले. त्याच्या कारकिर्दीचा हाही भाग आहे आणि तो वगळून ती सांगू नये. वर आम्ही जे लिहिले ते त्याच्या कामाच्या पद्धतीविषयी आहे, आणि ते काम तितकेच खरे आहे.

प्रश्न : आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. खोलीत बसून रात्रभर बीट्स बनवतो, मित्र त्यावर मराठीत रॅप करतात. आता त्याला स्वतः गायचे आहे आणि कॉलेज सोडायचे आहे. वेस्टचे उदाहरण तो आम्हाला देतो. काय करावे? (एक आई, चिंचवड)

ताई, आपल्या मुलाने उदाहरण अर्धेच सांगितले आहे. वेस्टने कॉलेज सोडले तेव्हा त्याच्या मागे कित्येक वर्षांची शागिर्दी होती, आणि स्थानिक कलाकार त्याच्या बीट्स विकत घेत होते. त्याच्या एका गाण्यात तो सांगतो की तीन उन्हाळे खोलीत कोंडून घेऊन तो रोज पाच बीट्स करत होता. आपला मुलगा आठवड्याला किती पुऱ्या करतो, नुसत्या सुरू करून ठेवत नाही ना, हे त्याला शांतपणे विचारावे. कॉलेज सुरू ठेवूनही रोज एक बीट पुरी होऊ शकते.

गायचे म्हणत असेल तर त्याला अडवू नये. आपल्याच बीटवर गाऊन ती पुन्हा ऐकली की कोठे जागा सोडायला हवी होती हे कळते, आणि त्यामुळे मित्रांसाठी केलेले कामही सुधारते. मित्रांबरोबरची गाणी बाहेर टाकण्यापूर्वी कोणाचा किती वाटा हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्यायला सांगावे. बीट रचणारा हा संगीतकारच असतो; गाणी प्रसिद्ध होऊ लागली की त्याने गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क अधिक भक्कम झाला आहे.

आणि उदाहरण पुरे करायचे तर त्याच्या आईचेही सांगायला हवे. मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याने एक रॅप लिहिले आणि ते ध्वनिमुद्रित करण्याचा हट्ट धरला. डोंडाबाईंनी तासाला २५ डॉलर मोजून त्याला एका तळघरातल्या स्टुडिओत नेले. स्टुडिओ म्हणण्यासारखे तेथे फारसे काही नव्हते. माईक छताला टांगलेला होता, आणि तोही कपडे वाळत घालण्याच्या तारेच्या हँगरला.