दोन रुपयांचं दगडफूल

(पत्र बरंच मोठं होतं, गावं-नावं काढून थोडक्यात देतेय.)

"मावशी, सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, ८३ वर्षांच्या होत्या. शेवटची तीन वर्षं अंथरुणावर, आमच्याकडेच, सगळं मीच केलं. जायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने मला त्यांची रेसिपीची वही दिली, 'नीट ठेव' म्हणाल्या. या एप्रिलमध्ये मी त्यातला गोडा मसाला पहिल्यांदा केला, अगदी वहीत लिहिलंय तसा. धने १ शेर, तीळ १ चिपटे, खोबरे ४ वाट्या, दगडफूल २ रु., लवंग १ रु., अशी यादी आहे. शेर म्हणजे किलो धरला. चिपटं कळेना म्हणून पावकिलो तीळ घेतले. त्या काळी दोन रुपयांत खूप यायचं म्हणून दगडफूलही पावकिलो, दुकानदार म्हणाला मॅडम केटरिंग सुरू केलं का? लवंगा महाग म्हणून बेताने घातल्या. मसाला कडू झाला. माझी नणंद, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, जेवायला आली होती. आमटीचा एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर 'आईच्या मसाल्याची वाट लावलीस' म्हणाली. जाताना वही मागितली, म्हणे आईची वही लेकीकडे असते. मी नाही म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद. नवरा म्हणतो देऊन टाक एकदाची. द्यावी का? आणि मी चुकले कुठे? मसाल्याच्या पानाचा आणि चकलीच्या दोन पानांचा फोटो पाठवतेय. चकलीची पानं कुणी लिहिलीत देव जाणे, लहान मुलाचं अक्षर आहे, कोपऱ्यात मांजर काढलंय. — वही सांभाळणारी"

अगं, आधी मसाल्याचं बोलूया, नणंदेकडे नंतर येते, कारण मला वाटतं तुझं अर्धं भांडण त्या पानावरच सुटणारे.

पावकिलो दगडफूल वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. इतकं हलकं असतं ते, पावकिलोत एखादी उशी भरेल! सॉरी, हसायला नको, पण तुझी काही चूक नाहीये त्यात. ते '२ रु.' म्हंजे दोन रुपयांचं नव्हे गं, दोन रुपयाभार. जुना चांदीचा रुपया बरोब्बर एका तोळ्याचा असायचा, म्हंजे ११.६६ ग्रॅम, म्हणून बारीकसारीक जिन्नस रुपयाच्या वजनावर तोलायचे आणि लिहिताना 'भार' गाळून नुसतं रु. लिहून मोकळे. दोन रुपयाभार म्हंजे साधारण २३ ग्रॅम, तू दहापटीहून जास्त घातलंस. धनेही जास्त घेतलेस (कसे ते पुढे सांगते), ते धरलं तरी फार झालं, कडू मातकट लागणारच.

आता शेर. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅम, त्या हिशोबाने तुझा किलो वरवर बरोबर वाटतो. पण त्याच्या खालच्याच ओळीत चिपटं आहे ना, तिथे मला शंका आली, कारण चिपटं हे वजन नाहीच, ते धान्य मोजायचं माप. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. मग हा शेरही मापाचाच असणार. धने आतून पोकळ, मापाचा शेरभर धने काही तुझ्या किलोएवढे भरायचे नाहीत, माझ्या मते निम्म्यालाही पोचायचे नाहीत. नक्की सांगता येत नाही कारण मापाचा शेर गावागणिक लहानमोठा असायचा, त्यातून कोणी शीग लावून भरायचं, कोणी वरून हात फिरवून सपाट. आणि खोबऱ्याच्या वाट्या! तू आमटीच्या वाटीने किसलेलं खोबरं मोजलंस ना? सुक्या खोबऱ्याच्या अर्ध्या भागालाच वाटी म्हणतात, अशा चार वाट्या किसायच्या.

आपल्याकडे ग्रॅम-किलो १९५८ पासून यायला लागले आणि १९६२ ला सक्तीचे झाले, म्हणजे हे पान साधारण तेव्हाचं किंवा त्याआधीचं. सासूबाई नव्या नवरी असतील, आणि माझा अंदाज असा की त्यांच्या सासूबाई चुलीजवळ बसून सांगतायत आणि ह्या भराभर लिहून घेतायत. म्हणजे तुझ्यासारख्याच नवख्या होत्या त्यासुद्धा.

पण खरी गोम पुढेच आहे. मी फोटो मोठा करकरून बघितला, त्या अख्ख्या पानावर भाजण्याबद्दल एक अक्षर नाही. नुसती नावं आणि मापं. माणूस विसरायची भीती असते तेवढंच लिहून ठेवतो, आणि भाजणं काय विसरायचं, ते नाकाला आणि हाताला माहीत असतं. गोडा मसाल्यात तर सगळा खेळ भाजण्याचाच आहे, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, धने थोड्या तेलावर, तीळ कोरडे आणि तडतडायला लागले की लगेच खाली, दगडफूल तेलात पडलं की जेमतेम क्षणभर नाहीतर करपतं आणि करपलं तर अजून कडू. तीळ-खोबरं बाकीच्याबरोबर एकदम मिक्सरला लावलं तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून ते वेगळं कुटून मागाहून मिसळायचं. हे झालं माझ्या घरचं. तुझ्या सासूबाई खोबरं गुलाबी ठेवायच्या की चॉकलेटी की पार काळपट, त्यावर रंग आणि चव दोन्ही ठरतं, आणि ते कुठल्या वहीत नाही. ते सांगू शकेल अशी एकच बाई आता उरलीये आणि तिच्याशी तुझं बोलणं बंद आहे.

आता ते मांजर बघ. खरंच ओळखलं नाहीस? त्या घरात चकलीच्या दिवशी आईशेजारी पेन्सिल घेऊन बसणारी पोर कोण असणार? हात पिठात असतील आईचे, म्हणून लेकीला म्हणाल्या असतील लिही गं जरा. त्या पानांवर शेरबिर काही नाही, सगळं वाटीने, म्हणजे नंतरचंच पान आहे. 'तांदुळ' ऱ्हस्व लिहिलाय, 'भाजणी'चं 'भाजनी' झालंय, आणि खालची ओळ वाचलीस का नीट? 'मोहन थोडे (आई म्हणते थोडे म्हणजे पळीभर)'. मला तो कंस फार आवडला. पोरीने विचारलं असणार, थोडं म्हणजे किती? तू आज तेच तर विचारतेयस.

नणंद सगळ्यांसमोर जे बोलली ते वाईटच होतं, त्यावर पांघरूण घालणार नाही मी. तीन वर्षं तू त्यांचं हगणंमुतणं काढलंस ते तिने कधी तोंडाने कबूल केलंय का मला माहीत नाही, केलं नसेल तर तीही तिचीच चूक. पण दोन वर्षांनी ती आईच्या घरी गोड्या मसाल्याची आमटी समोर घेऊन बसली, तोंडात आई येईल म्हणून घास घेतला आणि आला दगडफुलाचा कडूपणा. मीही भडकले असते बहुतेक. आणि नवऱ्याला सांग, देऊन टाक एकदाची म्हणायला ती काय रद्दी नाही.

वही तुझी. त्यांनी हातात दिलीये, विषय संपला, लेकीची की सुनेची ह्या वादात पडूच नकोस. पण ती दोन पानं तिने लिहिलीत आणि बहुतेक तिला आठवतही नसेल की अशी पानं आहेत. तो मांजराचा फोटो फॅमिली ग्रुपवर अजिबात टाकू नकोस हां! चार जण अंगठे दाखवतील, दोघं रडके चेहरे पाठवतील आणि सगळी गंमत जाईल. तिला एकटीला फोन कर. वहीचं नावही काढू नकोस. एवढंच म्हण, ताई, मसाला बिघडला खरा, मी दगडफूल भलतंच घातलं, आई खोबरं कितपत भाजायच्या हो? आणि मग गप्प बस. पहिली दोन मिनिटं टोमणे येतील, येऊ देत, तिसऱ्या मिनिटाला ती खोबऱ्यावर येईल बघ.

मसाल्याची घाई नको, तो पुढच्या एप्रिलला उन्हात वाळवून नीट होईल, आणि आत्ताचा वाचवायच्या भानगडीत पडू नकोस, तो कडूपणा जात नाही. तिला आधी दिवाळीच्या चकलीला बोलाव. भाजणीचं सामान काढून ठेव आणि ओट्यावर वही त्या पानाशी उघडी ठेव, तू काही बोलू नकोस. सगळ्या वहीची रंगीत झेरॉक्स काढून बाइंडिंग करून तयार ठेव तिच्यासाठी. आणि ते मांजर बघितल्यावर ती म्हणाली की खरी वही चार दिवस नेऊ का, तर दे, परत येईल. अन् नाही आली तर झेरॉक्स आहेच, तेव्हा काय करायचं ते मला परत लिही, मी आत्ताच त्याची काळजी करत बसणार नाही.

अजून एक, तिला विचार की जुन्या घराच्या माळ्यावर ते चिपटं आहे का अजून, बऱ्याच घरांत काळं पडून कुठेतरी कोपऱ्यात असतं. सापडलं तर त्यात धने भरून वजन कर, एकदा सपाट आणि एकदा शीग लावून, आणि दोन्ही आकडे मला कळव. माझ्या आईच्या वहीत मेतकुटाचं पान आहे, सगळं चिपट्या-मापट्यातच लिहिलेलं, वीस वर्षं झाली, माझंही कोडं तिथेच अडलंय.