आडवं दिलं, उभं आलं

अगं, आडवं टेबल दिलं तर उत्तर उभं का आलं, विचारलंस ना? तुझा कोड बरोबर आहे, 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेची खोडच तशी. मराठवाड्याचे 8 जिल्हे आडव्या ओळींत, 12 महिन्यांच्या पावसाचे आकडे रकान्यांत. अप्लाय (apply) या फंक्शनला 1, म्हणजे 'ओळीओळीनं कर', असं देऊन प्रत्येक ओळीची महिनावार टक्केवारी काढलीस, की उत्तर 12 बाय 8 येतं. ओळीचं उत्तर अप्लाय रकाना म्हणून उभं लावतो. बाहेरून टी(), म्हणजे ओळी-रकान्यांची अदलाबदल करणारं t(), लाव, झालं.

मी एकदा जूनपासून नेमके 8च महिने घेतले, ओळी-रकान्यांना नावंही दिली नव्हती, अन् टी() विसरले. 8 बाय 8चं उलटंही 8 बाय 8च. एरर कसला येतोय! बीडचा जून गुपचूप संभाजीनगरच्या ऑगस्टात जाऊन बसला. दोन दिवस गेले शोधण्यात.

एकच जिल्हा उचललास तर मॅट्रिक्सचा (ओळी-रकान्यांच्या टेबलाचा) साधा व्हेक्टर, म्हणजे नुसती आकड्यांची यादी, होतो अन् अप्लाय अडून बसतो. जिल्हा उचलतानाच चौकटी कंसात ड्रॉप = फॉल्स (drop = FALSE) लिही, म्हणजे मॅट्रिक्स तसंच राहील.