सासरी बदललेले पहिले नाव सोडायचे असेल तर

प्रश्न : लग्नात सासरच्या मंडळींनी माझे नाव बदलून वैशाली असे ठेवले. ताटातल्या तांदळांत अंगठीने ते लिहिले गेले, एवढाच काय तो विधी. पुढे शिधापत्रिका, आधार, पॅन, बँकेचे खाते आणि घराचे खरेदीखत सारे त्याच नावाने झाले. जन्मदाखला व दहावीचे प्रमाणपत्र मात्र मंदाकिनी या नावाचे आहे. आता मला वैशाली हे नाव सोडून मंदाकिनी हेच लावायचे आहे. पतीचे नाव व आडनाव तसेच राहील. यजमान राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले असून त्यांची हरकत नाही. न्यायालयात जावे लागेल का? त्यांची लेखी संमती लागेल का? आणि खरेदीखत पुन्हा करावे लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : न्यायालयात जाण्याचे काही कारण नाही. नावबदल शासनाच्या राजपत्रात (गॅझेटमध्ये) अर्ज करून प्रसिद्ध करून घ्यायचा असतो. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, त्यामुळे बदललेले नाव सोडण्यासाठीही कोणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. शालान्त प्रमाणपत्रांवरील नावासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्यक्तीचे नाव हा अनुच्छेद १९ खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आहे. संमतीविषयीची आपली शंका बहुधा केंद्र शासनाच्या राजपत्राबाबतच्या बातम्यांवरून आली असावी. माहेरचे आडनाव पुन्हा घेणाऱ्या विवाहितेकडे घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीचे ना-हरकत पत्र मागण्याची तेथील अट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित झाली होती. आपण आडनाव बदलत नाही आणि आपला अर्ज महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी असेल, तेव्हा त्या वादाशी आपला संबंध नाही.

हा अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुने नाव आणि नवे नाव अशी छोटीशी नोंद छापून येते, आणि त्याच पानावर या सूचनांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, त्या केवळ अर्जदारांच्या सांगण्यावरून छापल्या आहेत, असा खुलासाही असतो. लोक राजपत्राला नावबदलाचा हुकूम समजतात, पण ती आपणच केलेल्या घोषणेची अधिकृत प्रसिद्धी असते, आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. म्हणून अर्ज भरताना नोंदीतले प्रत्येक अक्षर जपावे. जुन्या नावाच्या रकान्यात आधारवर आहे तसेच पूर्ण नाव आणि नव्या नावाच्या रकान्यात मंदाकिनी, पतीचे नाव व आडनाव असावे. इंग्रजी स्पेलिंगही दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावे. ‘मंदाकिनी उर्फ वैशाली’ असे लिहिण्याचा सल्ला हमखास दिला जाईल. तो मानू नये, कारण मग सुटायचे नाव कागदोपत्री कायमचे चिकटते.

जन्मदाखला व शाळेचे कागद मूळ नावाचेच असल्याने त्यांना हात लावण्याची गरज नाही, ही आपली मोठीच सोय आहे. मात्र माहेरच्या आडनावाची मंदाकिनी आणि आजच्या आडनावाची मंदाकिनी एकच, हे विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून दिसले पाहिजे. विवाहाची नोंद झालीच नसेल तर ती १९९८ च्या राज्य अधिनियमाखाली विलंबानेही करता येते. ती आधी उरकावी.

राजपत्राची प्रत हाती आली की प्रथम आधार, मग पॅन आणि त्यानंतर बँक हा क्रम मोडू नये, कारण आधार आणि पॅनवरील नावे जुळली नाहीत तर पुढची प्रत्येक पडताळणी अडते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून चुकीच्या स्पेलिंगने एक संधी वाया घालवू नका. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा.

खरेदीखत पुन्हा करण्याची मुळीच आवश्यकता नाही. व्यवहार झाला तेव्हा आपले नाव वैशालीच होते आणि तो दस्त त्या नावाने पूर्णपणे वैध आहे. त्याला राजपत्राची प्रत जोडून ठेवावी आणि घर सोसायटीत असल्यास भागपत्रावरील नाव अर्ज देऊन बदलून घ्यावे. सातबारावर नाव असेल तर तलाठ्याकडे राजपत्रासह अर्ज करून फेरफार नोंदवावा लागेल.

आपण विचारलेली नाही, पण सर्वांत महत्त्वाची बाब यजमानांच्या निवृत्तिवेतनाची आहे. त्यांच्या निवृत्तिवेतन आदेशात पत्नी म्हणून वैशाली हे नाव असणार, आणि उद्या कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली की कोषागारात मंदाकिनी कोण, असा प्रश्न ऐन दुःखात उभा राहील. तेव्हा राजपत्र हाती येताच यजमानांनी स्वतः ज्या कार्यालयातून ते निवृत्त झाले त्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे राजपत्रासह दुरुस्तीचा अर्ज पाठवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. बँकेतल्या त्यांच्या मुदत ठेवी आणि विमा पॉलिसी यांवरील नामनिर्देशनही त्याच आठवड्यात नव्या नावाने करून घ्यावे.